वाळवीचें पीक



पावसाळ्यांत पेण व रोहा येथील बाजारांत कातकरी व ठाकूर बायका पानांवर रानांतील अळंबीं मांडून बसतात. त्यांच्याशीं दोन शब्द बोलल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं.

वारुळावर उगवणारें अळंबें आपणांस शेतांत पेरून पिकवितां येत नाहीं. त्याचा शेतकरी जमिनीखालीं असतो. तो म्हणजे वाळवी. लांकूड व सुका पाला तिला नीट पचत नाहीं. म्हणून ती त्यांचें चर्वण करून वारुळांत सच्छिद्र पोळें रचते व त्यावर बुरशी वाढविते. बुरशी तें अन्न मऊ व सुपाच्य करिते आणि वाळवी तें खाते. माती भिजली कीं याच बुरशीचें फळ लांब देंठ घेऊन भुईवर येतें. तेंच आपलें अळंबें. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनीं १९४२ सालीं या वर्गास ‘टर्मिटोमायसीस’ हें नांव दिलें.

परंतु विषारी छत्र्याही त्याच पावसांत उगवतात. चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं, किंवा किड्यांनीं छत्री खाल्ली आहे, म्हणजे ती निर्विष, या समजुती साफ खोट्या आहेत. कांहीं जातींचें विष शिजवूनही जात नाहीं. त्याचीं लक्षणें बहुधा सहा तासांनंतर दिसूं लागतात, आणि पुढें यकृत निकामी होऊन प्राणही जातो.

एका बाईस मीं विचारलें, “हें तुम्हीं ओळखतां कसें?” तिनें अळंबें उलटें करून मुळासारखा निमुळता देंठ दाखविला, मग म्हणाली कीं, खूण एकटी पुरत नाहीं, आईनें दाखविलेली जागाही ठाऊक पाहिजे. वारूळ ती कधीं खणीत नाहीं. तें शाबूत राहिलें तर पुढील वर्षीं तेथेंच अळंबीं येतात.

म्हणून मुलांनो, पुस्तकांतील चित्र पाहून रानांतली छत्री खाऊं नका. कोणास बाधा झालीच, तर उरलेला तुकडा घेऊन तत्काळ दवाखाना गांठा. आणि पालकहो, त्या बाईशीं भावाची घासाघीस करण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें: शंभरांत पस्तीस गुण मिळाले कीं आमच्या शाळेंत मूल उत्तीर्ण होतें, तिच्या परीक्षेंत नव्याण्णवही पुरत नाहींत.