सर्वांत आधी बाद होणारा

कुमारवयीन मुलाच्या वाढदिवसाला कोणते खेळ ठेवावेत हा प्रश्न बहुतेक घरांत जुन्या यादीवरच भागवला जातो, आणि संगीत खुर्ची, पार्सल फिरवणे, फुगे फोडणे ही ती यादी मूल सहा-सात वर्षांचे असतानाची असते. चौदाव्या वर्षी तीच यादी फसली, की हल्लीच्या मुलांना मोबाइलपलीकडे काही सुचत नाही, असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. वास्तविक दोष बहुतेक वेळा खेळाच्या घडणीत असतो.

संगीत खुर्चीचेच पाहावे. या खेळात दर फेरीला एकजण बाद होतो, म्हणजे जो सर्वांत बुजरा किंवा संथ असतो त्याच्या वाट्याला सर्वांत कमी खेळ आणि सर्वांत जास्त बसून राहणे येते. लहान मूल अशा वेळी दोन मिनिटे रुसते आणि विसरते; कुमारवयात मात्र हे बसून राहणे चारचौघांत उघडे पडण्यासारखे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली या वयाच्या संदर्भात ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही संकल्पना मांडली. सगळ्यांचे लक्ष सतत आपल्याकडेच आहे, आपला मुरूम, आपला फाटका आवाज, आपले कपडे हेच जो तो निरखतो आहे, अशी या वयातील मुलामुलींची समजूत असते, असा तिचा आशय. ही समजूत खरी मानली, तर पार्टीचा खेळ निवडताना तो किती मजेदार आहे यापेक्षा तो एकट्याला किती वेळ उजेडात उभे करतो, हे आधी पाहावे लागते. चिठ्ठी उचलून नाचून दाखवण्याची ‘शिक्षा’ या कसोटीवर सपशेल नापास होते, आणि ‘ट्रुथ ऑर डेअर’ तर त्याहून. कारण तिथे हसण्याचा विषय खेळाडू स्वतःच असतो आणि आता समोर कॅमेराही असतो.

उलट भेंड्या. दोन गट पडले की बेसूर गळा गटात लपतो, आणि जिला गाता येत नाही पण जुन्या सिनेमांची गाणी तोंडपाठ आहेत, ती मुलगी अचानक गटाचा आधार होते. गाणे ‘ळ’वर संपले तर ‘ल’ चालेल की नाही, यावरून होणारी हुज्जत हाच या खेळाचा खरा गाभा म्हणावा लागेल. भेंडी कोणावर चढली हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खेळांच्या मुळाशी चार प्रेरणा सांगितल्या: स्पर्धा, नशीब, सोंग, म्हणजे दुसरे कोणी होऊन पाहणे, आणि भोवळ, म्हणजे गरगरण्यातला, तोल सुटण्यातला आनंद. पार्टीच्या याद्यांत पहिल्या दोन प्रेरणांचीच भरताड असते. मराठी घरांत मात्र उरलेल्या दोन प्रेरणांवर उभी असलेली कुमारवयीन मुलींची एक रात्र पिढ्यान्‌पिढ्या साजरी होत आली आहे, ती म्हणजे मंगळागौर. आज तो हौशी स्त्रियांच्या गटांनी रंगमंचावर सादर करण्याचा कार्यक्रम झाला असला, तरी मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा १९२९ चा शारदा कायदा येण्यापूर्वीच्या काळात श्रावणातल्या मंगळवारी जागरण करणारी नवी नवरी बहुधा त्या वयाचीच किंवा त्याहून लहान असे. फुगडीत भोवळ होती, झिम्म्यात ताल होता, आणि सासू-सुनेची, नणंद-भावजयीची भांडणे गाण्यांतून रंगवताना एरवी तोंडातून न निघणारे शब्द सोंगाच्या आडून निघत. त्या मुलींच्या आयुष्यात मोकळीक किती थोडी होती हे विसरून या रात्रीचे कौतुक करणे बरे नव्हे. पण हरणारा कोणी नसलेला खेळ पहाटेपर्यंत रंगतो, हे त्या रात्रीने दाखवून दिले होते.

सोंगाची हीच गरज आजच्या मुलांत ‘माफिया’ हा खेळ भागवतो. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉव्ह यांनी १९८६ साली तो रचला, आणि राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या टाकून खेळलेल्या कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही. गुप्तपणे नेमलेले काही माफिया ‘रात्री’, म्हणजे बाकीच्यांचे डोळे मिटलेले असताना, एकेकाला मारतात आणि ‘दिवसा’ उरलेले सगळे वाद घालून संशयिताला मतदानाने बाद करतात. येथेही बाद होणे आहेच, पण बाद झालेल्याला पुढच्या रात्री डोळे उघडे ठेवता येतात. त्याला सगळे ठाऊक असते आणि बोलायची मात्र बंदी असते, त्यामुळे बाहेर बसणे ही शिक्षा न राहता मजा होते. एरवी तोंड न उघडणारा मुलगा चिठ्ठीवर ‘माफिया’ निघाल्यावर सराईत वकिलासारखा खोटे बोलू लागतो, कारण बोलतो आहे तो तो नव्हे, त्याची भूमिका.

अर्थात हा खेळ आरंभी ठेवून चालत नाही. त्याला आठ-दहा जण आणि थोडी ओळख लागते. पाहुणे एकेक करून येत असतात तेव्हा हाउसी बरी, कारण ती कोणाकडून काहीच मागत नाही. माफियात ‘रात्र झाली, डोळे मिटा’ असे पुकारणारा सूत्रधार मात्र वडिलांनी किंवा मावशीने होऊ नये. ते काम ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच द्यावे: पार्टी फसेल की काय या धास्तीने अवघडलेल्या यजमानाला त्यामुळे म्हणायला ठरलेली वाक्ये मिळतात, आणि मोठ्यांना स्वयंपाकघरात पावभाजी गरम करायला जाता येते.