बारी नसलेलं पाणी

आमच्या मुख्याध्यापकांची पावलं मी पहिल्यांदा पाहिली ती देवबागच्या वाळूत. बागलाणातल्या नामपूरच्या एकाच शाळेत, एकाच हजेरीपटावर सह्या करत इतकी वर्षं गेली, पण हा माणूस मला टेबलाच्या वर दिसतो तेवढाच ठाऊक होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. टेबलाखाली काय असेल हा विचारच कधी मनात आला नव्हता. आता तिथे पोटरीपर्यंत दुमडलेली पँट होती, आणि तिच्याखाली बुटात आयुष्य काढलेली दोन गोरी, नाजूक पावलं. ओल्या वाळूवर ती फार जपून पडत होती.

सहकाऱ्यांना आपल्या आवडीच्या जागी नेऊ नये असं माझं मत आहे. रोज तोंड पाहायचं असलेल्या माणसांत थोडं अंतर लागतं, आणि ते ओल्या कपड्यांत टिकत नाही. मोठ्या कंपन्या मुद्दाम पैसे मोजून माणसांना अशा सहलींना नेतात, डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर पडायला लावतात आणि त्याला विश्वास म्हणतात. मला ते जमणार नाही. पण माझी बहीण जिल्हा परिषदेची शिक्षिका होऊन सिंधुदुर्गात गेली आणि बदलीची वाट पाहता पाहता देवबागचीच झाली. तिचा मुलगा पर्यटकांना पॅडलबोर्डवर उभं राहायला शिकवतो. सुट्टीत मीही त्या फळीवर चढतो हे स्टाफरूममध्ये फुटलं. आधी कुणाचा विश्वास बसेना, आणि मग दिवाळीच्या सुट्टीत सगळे बॅगा भरून तयार.

फळी म्हणायची, पण ती येते पिशवीतून, घडी घालून. पंपाने हवा भरली की दहा-अकरा फुटांची, अडीच फुटांहून थोडी रुंद अशी होते, आणि इतकी कडक की बोटाने वाजवावी. विज्ञानाच्या सरांना ते काही केल्या पटेना. हवा भरली की वस्तू फुगून गोल व्हायला हवी, ही सपाट कशी राहते? भाच्याने सांगितलं की वरच्या आणि खालच्या पडद्याला आतून हजारो दोऱ्यांनी एकमेकांशी शिवलेलं असतं. हवा बाहेर ढकलते, दोरे आत ओढतात. सरांनी फळी दोनदा थोपटली आणि मगच लाइफ जॅकेट चढवलं.

हा खेळ मुळात शिक्षकांनी काढला, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर हवाई बेटांत, वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारी स्थानिक मंडळी होती. पाण्यात शिकाऊ माणसं विखुरलेली असत. त्यांच्यावर नजर ठेवायची, येणारी लाट आधी हेरायची, जमलंच तर गळ्यातल्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढायचे, म्हणून ते स्वतः फळीवर उभे राहत आणि होडीच्या वल्ह्याने फळी हाकत. पुढे २०००च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामांकित लाटस्वारांनी ते वल्हं हातात घेतलं आणि जगभर त्याचा खेळ झाला. म्हणजे मुळात हे पर्यवेक्षण. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन-तीन तास उभं राहणाऱ्यांना याहून जवळचा खेळ कुठला?

देवबाग म्हणजे वाळूची लांब, निमुळती जीभ. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. पहिले धडे नदीच्या बाजूला. ‘आधी गुडघ्यार बसा, मगे उबे रवा, आनी खाली बघू नकात,’ एवढंच भाचा सांगत होता. वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित कललेलं असतं, आणि तो कल पुढच्या बाजूला ठेवायचा असतो. आमच्यातल्या प्रत्येकाने ते उलटं धरलं. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडच्या हाताला फावडं ठाऊक. शेताला पाणी द्यायला दारं धरताना माती आपल्याकडे ओढायची, तेच वळण.

दारं धरणं आठवलं आणि मी वल्हं मांडीवर टाकून तसाच बसून राहिलो.

मोसम नदीचं पाणी आमच्या लहानपणी घड्याळावर नाही, माणसांवर चालायचं. बागलाणात आणि पलीकडे धुळ्याकडे, मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावरची फड पद्धत काही शतकांपासूनची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. यंदा इथे ऊस, तिथे गहू, पुढच्या साली फेरपालट. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी-थोडी असे, त्यामुळे एक फड कोरडा ठेवायची वेळ आली तर तो सगळ्यांचाच कोरडा राही. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि वर गावाचे पंच. नियम बहुतेक तोंडीच. आमचे आजोबा पंचांपैकी नव्हते, साधे पाणी घेणारे. पण रात्री पाटकऱ्याची हाक आली की ते ज्या चपळाईने उठत, तसे घरात कुणी आजारी असतानाही उठले नसतील. कंदील, फावडं, डोक्यावर घोंगडी. मी हट्टाने मागे जाई. पाटातून पाणी यायचं ते आधी ऐकू यायचं, मग वास यायचा, आणि दिसायचं सगळ्यात शेवटी. आजोबा बांधावर उकिडवे बसून एकेक वाफा भरू देत आणि बारी संपली की शेवटची चिखलाची पाटी अशा घाईने लावून टाकत, की पुढच्याचं ओंजळभर पाणीही आपल्याकडे राहू नये. ‘दुसरानं पानी पचत नही,’ म्हणत. पुढे विहिरी खोल गेल्या, मोटारी बसल्या, वरती हरणबारीचं धरण झालं. फडांचा तो दरारा ओसरला. आता कांद्याला आणि डाळिंबाला ठिबकाच्या नळ्या आहेत, आणि पाण्यासाठी रात्री कुणी हाक मारत नाही, लाइट कधी येणार एवढंच विचारतात. ठिबक चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाण्याला हाक असते हे ज्यांनी ऐकलंय, त्यांची पिढी आता पेन्शनीला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्राच्या बाजूला गेलो. समोर एवढं पाणी, कुणाचीच बारी नाही. आमचे क्लार्क भाऊसाहेब, ज्यांच्या सहीशिवाय शाळेत खडूचा डबा फुटत नाही, ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि भाच्याला म्हणाले, ‘याची पट्टी कोणाकडे भरता?’ फळीवर चढायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. ‘तुम्ही जा भो, मी आठेच बरा.’

भूगोलाच्या मॅडमनी खारे वारे आणि मतलई वारे हा धडा इतक्या वेळा शिकवलाय की बाण काढायला त्यांना फळ्याकडे पाहावंही लागत नाही. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे. कोकणात हिवाळ्याच्या तोंडाला सकाळी पाणी जे तेलासारखं गुळगुळीत असतं, त्याचं श्रेय याच वाऱ्याला. नवशिक्याला ते गोड वाटतं, पण उभं राहिलेलं अंग वाऱ्याला शीड म्हणून मिळतं आणि फळी हळूच बाहेर निघते. मॅडम उत्तम उभ्या राहिल्या, आणि धड्यातल्या बाणाच्या दिशेने निघाल्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं मुख्याध्यापकांच्या. ते तोवर गुडघ्यांवरून हललेच नव्हते, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरून होते. ‘मॅडम! मागे फिरा! मॅडम, खाली बसा!’ असं प्रार्थनेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडताना आपण उभे राहिलो आहोत हे त्यांना कळलंच नाही. भाचा वल्हं मारत मॅडमकडे निघाला, त्या गुडघ्यांवर बसून शांतपणे परतू लागल्या, आणि इकडे सर ताठ उभे, वल्हं उलटंच धरलेलं, एक हात कमरेवर. कुणीतरी टाळी वाजवली. त्यांनी खाली पाहिलं आणि पडले.

दुपारी ताईच्या ओटीवर वाद निघाला तो परशुरामाचा. त्याने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, इथपर्यंत दोन्ही बाजूंचं एकमत. पण बाण सुटला कुठून? ताईचे सासरे म्हणाले, परशुरामाचं देऊळ चिपळूणला आहे, तेव्हा आणखी कुठून सुटणार? आमची सगळी पंगत एका सुरात उसळली. साल्हेर! १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाच्या पादुका, आणि तो आमच्या बागलाणात. एवढ्या उंचीवरून मारला म्हणूनच एवढा लांब गेला, असा विज्ञानाच्या सरांनीसुद्धा दुजोरा दिला. सासरे हटेनात. भाऊसाहेब सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘बाण आमचा, म्हणजे जागा आमची. उताऱ्यावर नाव लावायचं राहून गेलंय एवढंच. उद्या तलाठ्याकडे जाऊ.’

‘उद्या रविवार,’ ताई आतून म्हणाली, ‘आणि ताटं घेतलीत.’