पहिला एरर

आमच्या खापरखेड्यात ‘ट्रिप’ म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. औष्णिक केंद्रातला २१० मेगावॅटचा एखादा संच बंद पडला, की कंट्रोल रूमच्या पॅनेलवर अलार्मच्या खिडक्या भराभर लुकलुकू लागतात. जाणता ऑपरेटर त्यातली सगळ्यात आधी कोणती पेटली ते बघतो. बाकीच्या बहुतेक तिच्यामागून आलेल्या असतात. पॅनेलमध्ये ‘फर्स्ट आउट’ नावाची सोय त्यासाठीच असते.

संध्याकाळी माझ्याकडे सी आणि पायथन शिकायला येणारी मुलं याच ऑपरेटरांची, नाहीतर सिल्लेवाड्याच्या खाणीत जाणाऱ्यांची. तरी पडदा भरला की ओरडतात, “सर, बावीस एरर येऊन राहिले जी!” आणि बोट शेवटच्या ओळीवर, कारण डोळ्यांसमोर तीच असते. “वर जाय बाप्पा, पहिला वाच,” एवढंच मी म्हणतो. एका ठिकाणी अडखळलेला कंपायलर अंदाजाने पुढे वाचत राहतो, आणि अंदाज चुकला की चांगल्या ओळींनाही नावं ठेवतो. पहिला दुरुस्त करून पुन्हा कंपाइल केलं, की कित्येकदा उरलेले आपोआप जातात.

“पण नवव्या ओळीत दाखवून राहिला, तिथं त काहीच नाही!” खरं आहे. अर्धविराम आठव्या ओळीत राहिलेला असतो. सी भाषेच्या लेखी नवी ओळ म्हणजे नुसती मोकळी जागा. आठव्या ओळीतलं विधान अजून संपलेलंच नसतं. नवव्या ओळीतला पहिला शब्द त्यात बसेना, तेव्हा कुठे कंपायलर अडतो, आणि जुना टर्बो सी त्याच ओळीचा नंबर सांगतो. म्हणून नंबर दिसला की त्या ओळीपासून वर वाचत जावं. महिरपी कंस मिटायचा राहिला असेल, तर तक्रार बहुधा फाइलच्या पार शेवटी निघते.

जुन्या नोट्समधली ‘कोनिओ डॉट एच’ ही टर्बो सीची हेडर फाइल लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरला सापडत नाही, यात मुलांचा काहीच दोष नाही. नोट्स बदला.

सगळ्यात छळतो तो न दिसणारा एरर. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला मराठी नाव देता येतं. एका मुलीने ‘शेतकऱ्यांची_संख्या’ हे नाव मोबाइलवरून उचलून चिकटवलं आणि पायथन हटून बसला: ‘इन्व्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+२००डी’. अक्षरं तर सगळी बरोबर! गोम ‘ऱ्य’मध्ये होती. तो ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच. पायथनला पहिला चालतो, दुसरा नाही. संदेशात त्या चिन्हाचा क्रमांकसुद्धा होता, पण मुलं ‘इन्व्हॅलिड’पाशीच थांबतात. वर्डमधून आलेल्या गोल अवतरणचिन्हांनीही असाच घोळ होतो.

कंपायलरची बाजू मात्र मी दरवेळी घेणार नाही. कंस उघडा राहिला तर पायथन वर्षानुवर्षं पुढच्या ओळीकडे बोट दाखवून ‘इन्व्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून तो उघड्या कंसावरच बोट ठेवून ‘हा मिटलाच नाही’ असं सांगतो. इतकं साधं बोलायला एवढी वर्षं लागली! आणि चालू प्रोग्राम मध्येच कोसळला, तर त्याचा ट्रेसबॅक खालून वाचायचा. तिथे ‘पहिला वाच’ हा नियम लागू नाही.

तेव्हा पोरांनो, मदतीसाठी फोटो पाठवाल तर पहिल्या एररसकट आणि त्याच्या वरच्या चार ओळींसकट पाठवा. कापलेला फोटो मी बघणार नाही.