बदली दिनचर्या

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं. आमच्या नायगावच्या गल्लीत टँकर येई. रोह्यांनी दुपार सोडून शेतात रात्रपाळी धरलेली. बदललो नव्हतो फक्त मी!

रांजणाच्या झाकणावर दगड, ही माझी अक्कल. वानरं एरवी पाल्यावरच बरीचशी तहान भागवतात. पण पालाच वाळला तर? एका वानरीनं चार दिवस माझा अभ्यास केला. पाचव्या दिवशी दगड ढकलला आणि पोटाला पिलू घेऊन खुशाल प्यायला बसली. मी काठी उचलली.

"अहो, लेकुरवाळी आहे ती," ही म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून परातभर पाणी वानरांना, आणि आंघोळ मला एक दिवसाआड.