तुळईवर कोरलेला क्रमांक

ओहोटी लागली की मेडवे नदीच्या चिखलात ती एका कुशीवर किंचित कलून बसते. ५२ फूट लांब, ओकच्या बरगड्यांवर सागवानी फळ्या, १९३६ सालची मोटर यॉट. इंग्लंडच्या केंट परगण्यात, या नदीकाठी आम्ही नवराबायकोनं ती विकत घेतली तेव्हा मला बोटीतलं काहीच कळत नव्हतं. मी रत्नागिरीची. होड्यांच्या शेजारी वाढले, पण होडी बांधणाऱ्या सुताराजवळ उभं राहून त्याला एक प्रश्न कधी विचारला नाही.

पहिले चार महिने मी सगळ्यांना एकच विचारत होते : सुरुवात कुठून करायची? एक म्हणाला, बाहेरून फायबरग्लास चढवून टाका, मग वीस वर्षं बघायला नको. दुसरा म्हणाला, आधी इंजिनं उतरवा. तिसऱ्याला डेकची काळजी. एका यार्डानं आतली सगळी कपाटं, बाकं, पार्टिशनं काढून घ्या, म्हणजे काम करायला जागा होईल, असं सांगितलं. आम्ही ऐकलं. दोन शनिवार-रविवारांत बोटीचं पोट रिकामं झालं आणि काढलेलं सगळं ताडपत्रीखाली गेलं. एक फोटो काढला नाही, एका फळीवर खडूची खूण केली नाही. त्यातल्या निम्म्या तुकड्यांची जागा आजही कुणाला सांगता येत नाही. ते दुःख अजून ताजं आहे.

मग एक सर्व्हेअर आले. हातात छोटी हातोडी, खिशात टोच्या. फळीफळीवर ठोकत, कान देत ते पुढे सरकत होते. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. लाकडी बोट खाऱ्या पाण्यानं कमी आणि पावसाच्या गोड्या पाण्यानं जास्त कुजते, हे मला त्या दिवशी कळलं. डेकच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी तुळयांच्या टोकाशी साठतं आणि तिथे बुरशी धरते. फायबरग्लासला त्यांनी साफ नकार दिला. लाकूड फुगतं, आक्रसतं. वरचं कवच तसं हलत नाही. मग मधे ओल अडकते आणि कूज दिसेनाशी होते. बोट फार दिवस कोरड्यावर उघडी ठेवू नका, असंही त्यांनी बजावलं. फळ्या सुकल्या की फटी उघडतात, आणि फटीत ठोसलेला कापूस सैल पडतो.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "क्रमांक पाहिलात का?" कुठला क्रमांक, हेच मला ठाऊक नव्हतं.

ब्रिटनमध्ये नोंदणी झालेल्या जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळतो आणि तो मुख्य तुळईवर कोरावा लागतो. नाव बदलतं, मालक बदलतो, बंदर बदलतं. क्रमांक तोच राहतो. आम्ही इंजिनाच्या खोलीत शिरलो. टॉर्च तिरपी धरली आणि रंगाच्या थरांवरून बोटं फिरवली. तिसऱ्या तुळईवर खाचा लागल्या. एकेक आकडा रंगाखालून वर येत होता तेव्हा माझे हात थरथरत होते. ही बोट कोण आहे, हे ती स्वतः सांगत होती आणि आम्ही चार महिने बाहेरच्यांना विचारत फिरत होतो.

त्या क्रमांकानं दारं उघडली. ब्रिटिश कायद्यात जहाजाचे ६४ हिस्से मानतात. कुणाकडे किती हिस्से, ते कधी कुणाला विकले, हे नोंदणीच्या कागदांत असतं. बंद झालेल्या नोंदण्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात. तिथे आमच्या बोटीची मूळ मापं सापडली आणि तिचं नाव दोनदा बदललं होतं हेही. पहिलं नाव हाती आल्यावर लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्सचे खंड उघडले. १८७८ पासून १९८० पर्यंत निघालेल्या त्या जाड खंडांत रचनाकार, बांधणारं यार्ड, इंजिनं, सगळं ओळीत छापलेलं असतं. रचनाकार कळला म्हणून जुनी बोटिंगची मासिकं चाळता आली, आणि एका पानावर त्याच घडणीच्या बोटीचा अंतर्गत आराखडा भेटला. स्वयंपाकघर पुढच्या अंगाला होतं. ताडपत्रीखालची तीन कपाटं त्या पानानं आम्हाला परत दिली.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही बोट १९४० साली डंकर्कला गेली होती. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेले तीन लाख अडतीस हजारांहून अधिक सैनिक नऊ दिवसांत बोटींनी परत आणले गेले. त्यात आपल्या बोटीचा हात असावा असं कुणाला वाटणार नाही? पण पाहिलेल्या एकाही कागदात तिचं नाव नव्हतं. मी आता कुणाला ते सांगत नाही. पुराव्याशिवाय तो मान घेणं म्हणजे जे खरोखर गेले त्यांच्यावर अन्याय आहे.

आता आमच्या टेबलावर नॅशनल हिस्टॉरिक शिप्स यूके या संस्थेची पुस्तकं आहेत. त्यांतलं एक केवळ जुन्या जहाजांची नोंद कशी करावी यावर आहे, आणि सगळ्यांत आधी तेच वाचायला हवं होतं. बोट सुटी करण्यापूर्वी मोजा, रेखाटा, फोटो काढा, प्रत्येक भागाला खूण करा. दुरुस्तीला लागणारं लाकूडही घाईनं मिळत नाही. फळीच्या जाडीच्या दर इंचामागे एक वर्ष सुकवायचं, हा इथला जुना हिशेब आहे. वाफेवर वाकवायच्या बरगड्यांना मात्र ताजा, हिरवा ओकच लागतो.

मध्ये आम्ही इंग्लंडमधल्याच हार्टलपूलला ट्रिंकोमाली हे जुनं जहाज पाहायला गेलो. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं सागवानात बांधलेली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही पाण्यावर आहे. तिचे नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेलं जावा हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलं, म्हणून दुसरी प्रत पाठवावी लागली. कागदाविना गोदीचं काम अडलं होतं. त्या डेकवर उभी असताना मला आमच्या खाडीतला सुतार आठवला. त्याच्याकडे कागद नव्हता, सगळी मापं नजरेत होती.

तो गेला. त्याच्या मचव्यांचं एकही माप कुणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या गावच्या खाडीत अजून कुणी लाकडी होडी बांधत असेल, तर या सुट्टीत टेप आणि वही घेऊन त्याच्याकडे जा.