चाल कुणाची?

लेड झेपलिनचं सगळ्यात पडेल गाणं कोणतं, यावर धाटावात आजवर एकमत झालेलं नाही आणि व्हावं अशी कुणाची इच्छाही दिसत नाही. सेकंड शिफ्ट सुटली की एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या टपरीपाशी आम्ही चार-पाच जण रेंगाळतो. हवेत आंबटसर, घशाला चिकटणारा वास असतो. तो कुठल्या प्लँटचा, हे आमच्यातले जुने लोक नुसत्या नाकानं सांगतात. नवखा माणूस रुमाल शोधतो. पलीकडे अंधारात कुंडलिका, भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी घेऊन रोह्याकडे निघालेली. अशा जागी इंग्लंडातल्या चार केसाळ पोरांच्या गाण्यांवरून कुणी हमरीतुमरीवर येईल, असं वाटत नाही. येतात.

लॅबमधला केमिस्ट ‘हॉट डॉग’वर अडून बसतो. 1979 च्या अल्बममधलं ते गाणं सलग दोनदा ऐकून दाखव, महिनाभर चहाचे पैसे मी देतो, अशी त्याची पैज. मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन ‘द क्रंज’चं नाव घेतो. जेम्स ब्राऊनची नक्कल करायची तर पायात तो ठेका पाहिजे ना, म्हणतो. कुणी ‘डायर मेकर’ काढतं की लगेच दोघं त्याच्या अंगावर जातात, कारण ते गाणं वाईट असूनही सगळ्यांना तोंडपाठ आहे. आवडत्या माणसाचे दोष काढण्यात जी चव असते ती गुण गाण्यात नाही, हे टपरीवर पुरतं कळतं. ज्यानं बँडची तीन-चार चांगली गाणी तेवढी ऐकलीत, त्याला या वादात तोंड उघडायची मुभा नाही.

माझं मत मात्र पहिल्यापासून एकाच गाण्याला. 1970 च्या तिसऱ्या अल्बमच्या अगदी शेवटी येणारं ‘हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर’. जिमी पेजची तारेवर घसरणारी गिटार आणि रॉबर्ट प्लँटचा मुद्दाम थरथरवलेला आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बस्स, एवढंच. ना ढोल, ना बास, ना शेंडा ना बुडखा. पण मला ते गाणं खटकतं ते सुरांपेक्षा त्याच्या लेबलवरच्या ओळीमुळे. तिथं छापलंय : पारंपरिक, संयोजन चार्ल्स ऑब्स्क्युअर. असा कुणी चार्ल्स जगात नाही. पेजनंच थट्टेनं घेतलेलं ते नाव. आणि जे गाणं ‘पारंपरिक’ म्हणून खपवलंय, त्याचा सांगाडा बुक्का व्हाइट या मिसिसिपीच्या गवयानं 1937 साली रेकॉर्ड केलेल्या गाण्याचा. 1970 मध्ये बुक्का व्हाइट जिवंत होता. 1977 पर्यंत होता. जित्याजागत्या माणसाला परंपरेत ढकलून द्यायचं आणि नसलेल्या माणसाचं नाव छापायचं, याला काय म्हणावं?

इथून वाद वळतो तो उसनवारीकडे, आणि मग चहाचा दुसरा राउंड आलाच. पहिल्याच अल्बममधलं ‘डेझ्ड अँड कन्फ्युज्ड’ पेजच्या एकट्याच्या नावावर निघालं 1969 मध्ये. ते मुळात जेक होम्सचं, 1967 सालचं. होम्सनं 2010 मध्ये दावा लावला, तेव्हा कुठं पुढच्या एका अल्बमवर ‘प्रेरणा जेक होम्स’ अशी एवढीशी जागा त्याला मिळाली. ‘होल लोटा लव्ह’मध्ये विली डिक्सनचे शब्द, डिक्सननं 1985 मध्ये कोर्टाची पायरी चढल्यावर 1987 मध्ये तडजोड झाली. ‘बेब, आय अ‍ॅम गोना लीव्ह यू’ हेही ‘पारंपरिक’. त्याची खरी कवयित्री अ‍ॅन ब्रेडन कॅलिफोर्नियात चांगली हयात होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ‘स्टेअरवे टू हेवन’चा खटला बँडनं जिंकला, 2020 मध्ये अपिलातही. तो निकाल मला पटतो. तेवढी उतरती सुरावट कुणाच्याही बापाची नाही.

इलेक्ट्रिशियन बँडचा वकील. ब्लूज म्हणजे सगळ्यांची सामायिक विहीर, त्यात कोण कुणाला पाण्याचं बिल लावणार, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. त्या गवयांनीही एकमेकांच्या ओळी सर्रास उचलल्या. पण रॉयल्टीचा चेक विहिरीच्या नावानं निघत नाही, तो माणसाच्या नावानं निघतो.

आपल्याकडे हा धंदा जास्त उघडपणे चालायचा, असं मला जुनी संगीत नाटकं चाळताना वाटतं. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 चं, ‘सौभद्र’ 1882 चं. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चाली त्यांच्या कानातच होत्या. त्या त्यांनी बिनदिक्कत घेतल्या. पण पुस्तकात पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असत. मूळ रचणाऱ्याचं नाव तिथंही नसायचं, हे खरं. तरी वाट कुठून आली ते दाखवलेलं असायचं. पद आपलं, चाल दुसऱ्याची, आणि यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. ती एक ओळ पेजनं छापली असती तर अर्धे वकील उपाशी मेले असते.

उलटंही घडतं. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला किंवा कुठल्याही हळदीला बेंजोवर ‘मी डोलकर’ सुरू झालं की म्हातारी माणसंही हात वर करतात. हे कोळ्यांचं पिढीजात गाणं, असं शपथेवर सांगणारे मला भेटलेत. ते शांता शेळक्यांनी लिहिलंय आणि हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलंय. गाणं इतकं खरं उतरलं की लोकांनी कवीलाच पुसून टाकलं. बेंजोवाल्याचा यात काही दोष नाही, तो कुणाच्याच नावावर काही छापत नाही.

पण टपरीवर मला खरा राग येतो तो मुंबईच्या गोष्टीवर. ऑक्टोबर 1972 मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबात पेजनं गिटार वाजवली, याची कथा मुंबईतले रॉकवेडे अजून रंगवून सांगतात. त्याच मुक्कामात त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली. तबला, सारंगी, व्हायोलिनं. ‘फ्रेंड्स’ ऐका : व्हायोलिनांचा ताफा आपल्या सिनेमातल्यासारखा एका झटक्यात वर चढतो आणि मूळ गाणं त्याच्यापुढं अळणी वाटायला लागतं. हे रेकॉर्डिंग त्रेचाळीस वर्षं पडून राहिलं. 2015 मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत निघालं तेव्हा गाण्यांच्या यादीत वादकांची ओळख काय, तर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. चार्ल्स ऑब्स्क्युअरला निदान आडनाव तरी होतं.

हे पाप एकट्या इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त जी बिगुलांची मस्ती आहे, तिच्यामागे चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. लोकांना ते नाव माहीत आहे ते 1977 च्या सिनेमात अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. अशी शेकडो माणसं दादर, गिरगाव, माहीमच्या खोल्यांत राहिली, सकाळी लोकल पकडून स्टुडिओत गेली, नोटेशन समोर ठेवून वाजवलं, पाकीट खिशात घातलं आणि घरी आली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणी आजोबा, मामा, शेजारी स्टुडिओत वाजवायला जात असतील, तर त्यांच्याकडून वाद्य, साल आणि गाणं विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. 1972 च्या त्या ऑक्टोबरात दोन गोऱ्या पोरांसमोर वाजवल्याचं कुणी सांगितलं, तर ते आधी लिहा.