खेळाचें कुलूप

घरांत मोलाची वस्तु असली म्हणजे मनुष्य दारास कुलूप लावतो, आणि कुलूप लावलें म्हणजे निश्चिंत होतो. परंतु चोरीच्या ज्या हकीकती आपण ऐकतों, त्यांपैकीं पुष्कळींत कुलूप जागच्या जागीं शाबूत असतें. किल्लीच कोणाच्या तरी हातीं गेलेली असते. आजकाल मुलांच्या खेळासही कुलूप असतें, त्यालाही किल्ली असते, आणि तेथेंही चोरी होते. या चोरीस हॅकिंग म्हणतात, हें आतां शाळेंतील लहान मुलासही ठाऊक आहे. ती होते कशी, हें मात्र मोठ्यांसही नीटसें ठाऊक नसतें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे. विषय खेळाचा असला तरी पालकांनींही ते वाचावे, अशी विनंति आहे.

आम्ही लहान असतां, म्हणजे सन १९९० नंतरच्या दशकांत, परळी वैजनाथांत उन्हाळ्याची सुटी लागली कीं ज्या घरीं 'टीव्ही गेम' असे त्या घरीं गल्लींतील सारीं मुलें जमत. दूरदर्शनच्या संचास जोडावयाची एक पेटी, तारेनें बांधलेलीं दोन हातांतलीं बटणें, आणि वरच्या खांचेंत बसवावयाची कॅसेट, एवढाच तो संसार. कॅसेटीवर '९९९९ खेळ' असें ठळक छापलेलें असे. मोजूं जातां निराळे खेळ वीस-पंचवीसच निघत, बाकीचे नांव पालटून पुन्हां पुन्हां येत. ज्या गांवांत औष्णिक केंद्रावर वीज निर्माण होते त्या गांवांतही खेळ ऐन रंगांत आला कीं वीज जाई, आणि सर्व मुलें एका सुरांत हळहळत. ती पेटी अस्सल नव्हे, नक्कल होती, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें.

अस्सल पेटी जपानची. क्योटो शहरांतील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिकॉम' नांवाचें खेळयंत्र विक्रीस काढलें. अशा यंत्रास कन्सोल म्हणतात. त्या यंत्रांत कुलूप नव्हतें. कोणींही कॅसेट बनवावी आणि ती त्यांत चालावी. त्यामुळें त्याच्या नकला आशियाभर निघाल्या, व त्यांचेंच एखादें भावंड परळीस येऊन पोंचलें. सन १९८५ मध्यें अमेरिकेसाठीं जें यंत्र काढलें, त्यांत मात्र कंपनीनें कुलूप बसविलें. यंत्रांत एक लहानशी चिप आणि कॅसेटींत तिची जोडीण. यंत्र सुरू होतांच दोघी एकच ठरलेली अंकमाला एकाच लयींत म्हणूं लागत. जात्यावर बसलेल्या दोघीजणींनीं एकच ओवी म्हणावी तशा. एकीचा सूर चुकला कीं यंत्र पुन्हां पुन्हां आरंभास जाई आणि खेळ मुळीं चालतच नसे.

ही अंकमाला शोधून काढण्याचा अटारी गेम्स या अमेरिकन कंपनीनें प्रयत्न केला. चिप उघडून पाहिली, तरी तिचें गुपित उकलेना. तेव्हां सन १९८८ मध्यें तिच्या वकिलानें अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरींत अर्ज केला, कीं आमच्यावर फिर्याद झाली आहे, सबब त्या प्रोग्रामची प्रत मिळावी. त्या वेळीं अशी फिर्याद झालेलीच नव्हती. कचेरीनें अर्जावर विश्वास ठेवून प्रत दिली. पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि सन १९९२ मध्यें अपील न्यायालयानें निन्टेंडोच्या बाजूचा मनाईहुकूम कायम ठेविला. विद्वान् कारागिरांस जें कुलूप उघडलें नाहीं, तें एका खोट्या वाक्यानें उघडलें! किल्ली राखणाऱ्याशीं गोड बोलून ती मागून घ्यावयाची, ही रीत तेव्हांपासून आजतागायत चालत आलेली आहे.

पुढें हीं यंत्रें इंटरनेटास जोडलीं गेलीं आणि चोरीचा माल पालटला. पूर्वीं खेळाचा प्रोग्राम चोरीस जाई. आतां खेळणाऱ्याचें नांव, पत्ता, जन्मतारीख व परवलीचा शब्द हींही कंपनीच्या कोठारांत जमूं लागलीं. सन २०११ च्या एप्रिल महिन्यांत, १७ ते १९ तारखांच्या दरम्यान, सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन नेटवर्क'मध्यें कोणी परके शिरले. कंपनीनें २० तारखेस तें जाळें बंद केलें. परंतु लोकांची माहिती गेली आहे, हें तिनें जाहीर केलें तें २६ तारखेस. सुमारें ७ कोटि ७० लक्ष खात्यांचा हा प्रश्न होता. तीन आठवड्यांहून अधिक काळ जाळें बंद राहिलें, आणि १ मे रोजीं टोकियोंत कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं सर्वांसमक्ष वांकून क्षमा मागितली. ब्रिटनच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यानें जानेवारी २०१३ मध्यें कंपनीस अडीच लक्ष पौंड दंड केला आणि स्पष्ट सांगितलें, कीं सॉफ्टवेअर वेळच्या वेळीं अद्ययावत ठेविलें असतें तर हा हल्ला टाळतां आला असता. कुलूप जुनें झालें होतें आणि धन्यानें तें बदललें नव्हतें. दुसऱ्याची ठेव आपल्याजवळ असतां अशी दिरंगाई करणें हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, तो विश्वासभंगच होय. पैसा गेला तर पुन्हां कमावतां येतो, परवलीचा शब्द बदलतां येतो. पण जन्मतारीख एकदां बाहेर फुटली तर मनुष्यानें दुसरी कोठून आणावी?

आतां जी हकीकत सांगावयाची ती विद्यार्थिमित्रांनीं लक्ष देऊन वाचावी. सन २०१६ मध्यें अमेरिकेंतील एका अल्पवयीन मुलानें सोबत्याच्या मदतीनें निन्टेंडोच्या एका नोकरास फसवा निरोप धाडून त्याचा परवलीचा शब्द मिळविला, आणि कंपनीच्या गुप्त फायली काढून घेतल्या. त्या वेळीं बाजारांत न आलेल्या 'स्विच' या यंत्राची माहिती त्यांत होती. ती त्यानें जगजाहीर केली. ऑक्टोबर २०१७ मध्यें तेथील तपास-अधिकारी त्याच्या घरीं गेले, आईबापांसमक्ष त्यास समज दिली, आणि मुलानें पुन्हां असें न करण्याचें वचन दिलें. केवढी मोठी संधि ती! परंतु सन २०१८ मध्यें तो पुन्हां त्याच मार्गास लागला. डिसेंबर २०२० मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, दुसऱ्याही एका गंभीर गुन्ह्यासह त्यास तीन वर्षांची कैद झाली, व २ लक्ष ५९ हजार डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा हुकूम झाला. त्याची बुद्धि तीक्ष्ण होती, यांत शंका नाहीं. परंतु दुसऱ्याच्या दारापाशीं वापरलेली हुषारी ही हुषारी राहत नाहीं. आपल्या देशांतही सन २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यान्वयें परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत लबाडीनें शिरणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही शिक्षा होऊं शकतात.

त्याच २०२० सालीं निन्टेंडोच्या सुमारें तीन लक्ष खात्यांत परक्यांनीं प्रवेश केल्याचें उघडकीस आलें. कंपनीचें म्हणणें असें, कीं परवलीचे शब्द तिच्याकडून फुटले नव्हते, ते अन्यत्र मिळविलेले होते. पुष्कळ लोक एकच शब्द सर्व ठिकाणीं वापरतात. घर, कपाट, दुकान आणि धान्याची कोठी यांस एकच किल्ली केली, तर एका ठिकाणीं ती सांपडतांच चारही दारें उघडीं पडावयाचीं, हें सांगावयास ज्योतिषी नको.

हें सारें जपान-अमेरिकेंत घडलें, परळीस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तर पुण्याकडे पाहावें. सन १९०६ मध्यें स्थापन झालेल्या तेथील कॉसमॉस सहकारी बँकेंतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले गेले. एटीएमपुढें कोणी कार्ड धरलें कीं बँकेच्या संगणकास 'पैसे द्यावे काय?' असा प्रश्न जातो. चोरांनीं मध्येंच एक खोटा द्वारपाल बसविला. तो प्रत्येक प्रश्नास परस्पर 'द्यावे' म्हणूं लागला. तिकडे २८ देशांत बनावट कार्डें घेऊन माणसें उभीं होतींच. कोल्हापुरांतही तशीं कार्डें चाललीं. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस दोषी ठरविलें. माहिती फुटणें ही पहिली पायरी, आणि पैसा जाणें ही दुसरी. खेळाच्या खात्यापासून बँकेच्या खात्यापर्यंतचें अंतर आपणांस वाटतें तेवढें मोठें नाहीं.

तें किती थोडें आहे, हें गेल्या दिवाळींत आम्हांस शेजारींच पाहावयास मिळालें. सातवींतील एक मुलगा आईच्या फोनवर खेळत असतां निरोप आला, कीं खेळांतील हजार नाणीं फुकट मिळतील, फोनवर आलेले सहा अंक तेवढे कळवा. मुलगा कळविणारच होता. आई भाकरी थापीत होती. तिनें मान वर न करतां विचारलें, "कोण मागायलंय रे?" मुलगा म्हणाला, "माहीत नाही, खेळातला आहे कोणीतरी." ती म्हणाली, "ज्याचं नाव माहीत नाही, त्याला आपल्या घरातलं कशाला सांगायचं?" मुलानें फोन खालीं ठेविला. त्याच फोनास जोडलेल्या खात्यांत आदल्या आठवड्यांत विकलेल्या सोयाबीनचे, म्हणजे त्या घराच्या वर्षभराच्या कष्टांचे, पैसे होते. त्या माउलीस हॅकिंग हा शब्दही ठाऊक नव्हता. परंतु कोणास काय सांगावें आणि काय सांगूं नये, हें तिला पक्कें ठाऊक होतें.

भारतांत सन २०२३ मध्यें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची पडताळतां येईल अशी संमति घ्यावी, असें त्यांत सांगितलें आहे. आणि माहितीची योग्य राखण न करणाऱ्या कंपनीस २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. परंतु जी संमति मुलगाच वडिलांच्या नांवानें देऊन टाकतो, तिचें रक्षण कोणता कायदा करणार? यासाठीं पालकांनीं मुलाच्या हातीं फोन देतांना त्याच्याशेजारीं घटकाभर बसावें, आणि तो काय खेळतो, कोणाशीं बोलतो, हें प्रेमानें विचारावें. ज्या घरांत प्रश्न विचारल्यास रागें भरत नाहींत, त्या घरांतील मूल संकटाची गोष्ट लपवीत नाहीं. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प न बसतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. वेळ जाईल तितका पैसा दूर जातो.

विद्यार्थिमित्रांनो, महाशिवरात्रीस आपल्या गांवीं लोटणारी यात्रा तुम्हीं पाहिली आहे. देवळाबाहेर चपला ठेवून मनुष्य बिल्ला घेतो, आणि दर्शन होईपर्यंत तो मुठींत घट्ट धरतो. शेजारच्या अनोळखी माणसानें मागितला तर तो बिल्ला कोणी देतो काय? शेंदोनशें रुपयांच्या चपलेविषयीं जी दक्षता आपण बाळगतों, तीच आपल्या नांवाविषयीं व आपल्या परवलीच्या शब्दाविषयीं बाळगावी, एवढेंच आमचें सांगणें. खेळा, भरपूर खेळा. जिंका आणि हराही. परंतु आपली किल्ली आपल्यापाशीं ठेवा, आणि दुसऱ्याची किल्ली कधीं चुकून हातीं आलीच, तर ती तशीच त्याची त्यास परत करा.